नेवाडाचा डोंगर आणि उमेदवारांची आश्वासनं: अमेरिकेतला अणुकचरा निवडणुकीत कसा अडकला

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार नेवाडा राज्यात गेला की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: युक्का माउंटनचं काय करणार? लास वेगासच्या वायव्येला दीडशे-एकशे साठ किलोमीटरवरचा हा लांबट, उघडाबोडका डोंगर. देशभरातल्या अणुवीज केंद्रांतलं वापरून झालेलं इंधन याच डोंगराच्या पोटात पुरायचं, यासाठी अमेरिकेच्या कायद्यात १९८७ पासून या एकाच जागेचं नाव आहे. तो कायदा अजून रद्द झालेला नाही. प्रत्यक्षात मात्र तिथे एक किलोसुद्धा कचरा गेलेला नाही.

कायदा एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, असं का झालं हे उमेदवारांची भाषणं नुसती ऐकून कळत नाही. 'मी अणुऊर्जेच्या बाजूचा आहे' या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. नव्या अणुभट्ट्या बांधायच्या का? वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं का? उरलेला कचरा कायमचा कुठे ठेवायचा? आणि ती जागा तयार होईपर्यंत तो कुणी सांभाळायचा? पहिल्या प्रश्नाला उमेदवार उत्साहाने उत्तर देतात, कारण त्यात रोजगार आहे, स्वच्छ वीज आहे, देशाभिमान आहे. बाकीच्या तिन्ही उत्तरांना मात्र कुठल्या तरी गावाचा पत्ता लागतो, आणि त्या गावात मतदार राहतात.

आधी माल नीट पाहू

अणुभट्टीतलं इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या भाजून घट्ट केलेल्या गोळ्या. एक गोळी करंगळीच्या पेराएवढी. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या सुमारे चार मीटर लांब नळ्यांत या गोळ्या एकावर एक भरतात आणि नळ्यांचा जुडगा बांधतात. अमेरिकेतल्या मोठ्या भट्ट्यांमध्ये १७ बाय १७ ची चौकट सर्रास दिसते. तिच्यात इंधनाच्या २६४ नळ्या असतात आणि एका जुडग्यात साधारण साडेचारशे किलो युरेनियम मावतं. भट्टीत साडेचार ते सहा वर्षं काढून जुडगा बाहेर येतो तेव्हा दिसायला फारसा बदललेला नसतो, पण त्याच्याजवळ संरक्षणाशिवाय काही मिनिटं उभं राहणंही जिवावर बेतेल. आत सुमारे ९५ टक्के युरेनियम तसंच उरलेलं असतं, एक टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम तयार झालेलं असतं आणि बाकीचे तीन-चार टक्के म्हणजे अणू फुटल्यावर निर्माण झालेली मूलद्रव्यं.

सगळा त्रास या शेवटच्या पाच टक्क्यांचा आहे आणि तो एकसारखा नाही. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, ३० वर्षांच्या आसपास आहे. पहिली काही शतकं उष्णता आणि तीव्र किरणोत्सार त्यांच्यामुळे असतो. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. टेक्नेशियम-९९ चं दोन लाखांहून जास्त, तर नेप्चुनियम-२३७ चं २१ लाख वर्षांहून जास्त. जमिनीखाली पुरण्याच्या हिशेबात ही शेवटची दोन नावं महत्त्वाची ठरतात. हवेतल्या ऑक्सिजनचा संपर्क आला की ती पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर प्रवास करतात. युक्का माउंटनवरचा अर्धा शास्त्रीय वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

भट्टीतून काढलेले जुडगे आधी केंद्रातल्याच तलावात ठेवतात. तलाव सुमारे १२ मीटर खोल, आणि जुडग्यांच्या डोक्यावर निदान सहा मीटर पाणी. निदान पाच वर्षं, बहुधा त्याहून जास्त, ते तिथेच थंड होतात. तलाव भरत आला की कोरड्या साठवणीकडे वळावं लागतं. स्टेनलेस स्टीलचा मोठा डबा तलावात उतरवतात, पाण्याखालीच त्यात जुडगे भरतात, झाकण बसवतात, डबा वर काढतात, पाणी उपसतात, आतली ओल निर्वात करून घालवतात, हेलियम वायू भरतात आणि झाकण वितळजोडाने (वेल्डिंगने) बंद करतात. मग हा डबा काँक्रीटच्या जाड कवचात जातो. एका डब्यात साधारण २४ ते ३७ जुडगे मावतात आणि कवचासकट वजन शंभर टनांच्या पुढे जातं. कवचाला खाली-वर झरोके असतात. थंड हवा खालून शिरते, तापून वरून निघून जाते. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

ही पद्धत चांगली चालते, आणि या कामातली मोठी राजकीय अडचणही हीच आहे: काहीच केलं नाही तरी उद्या काही कोसळत नाही. चुका मात्र होतात. समुद्रकाठच्या केंद्रांमध्ये हवेतलं मीठ डब्यावर बसून वितळजोडाजवळ बारीक तडे जाण्याची भीती असते आणि भरलेल्या डब्याची आतून तपासणी करणं अत्यंत अवघड असतं. कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या सॅन ओनोफ्रे केंद्रात ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ५० टनांचा भरलेला डबा खाली उतरवताना आतल्या कड्यावर अडकला. वरचे पट्टे सैल पडले, म्हणजे डबा पट्ट्यांच्या आधाराशिवाय नुसता त्या कड्यावर टेकला होता. खाली साडेपाच मीटरची पोकळी होती. डबा पडला नाही, पण काम वर्षभराच्या आसपास थांबलं. ते केंद्र २०१३ मध्येच कायमचं बंद झालं आहे. वीज बंद, कचरा मात्र तिथेच.

देशभरात असं वापरलेलं इंधन ९० हजार टनांच्या पुढे गेलं आहे, दरवर्षी सुमारे २ हजार टनांची भर पडते, आणि तो माल सत्तरहून जास्त ठिकाणी विखुरलेला आहे.

१९८२ चा करार आणि १९८७ चा घाव

१९८२ च्या अखेरीस संमत झालेल्या आणि जानेवारी १९८३ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याची मांडणी मुळात न्याय्य होती. अणुवीज वापरणाऱ्या ग्राहकाने दर युनिटमागे एका सेंटचा दहावा भाग द्यायचा, त्यातून निधी उभा राहायचा आणि ३१ जानेवारी १९९८ पासून केंद्र सरकारने कचरा उचलायला सुरुवात करायची. अनेक जागा तपासायच्या, पश्चिमेला एक आणि पुढे दुसरीकडे आणखी एक, म्हणजे सगळा भार एकाच राज्यावर पडणार नाही.

१९८६ मध्ये पहिल्या कायमच्या भूमिगत भांडारासाठी तीन जागांची यादी उरली: वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड, टेक्सासमधला डेफ स्मिथ परगणा आणि नेवाडातला युक्का माउंटन. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाचे सभापती जिम राइट टेक्सासचे होते आणि बहुमतातल्या पक्षाचे नेते टॉम फोली वॉशिंग्टन राज्याचे. नेवाडाचे प्रतिनिधिगृहात दोनच सदस्य होते, आणि नेवाडाचेच हॅरी रीड सिनेटमध्ये नुकतेच आले होते. डिसेंबर १९८७ मध्ये अर्थसंकल्पाच्या मोठ्या विधेयकात दुरुस्ती घुसवली गेली: तपासणी फक्त युक्का माउंटनची होईल. ज्या राज्यात एकही व्यावसायिक अणुवीज केंद्र नाही, ज्याच्या वाळवंटात १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या, जिथल्या जमिनीवर वेस्टर्न शोशोनी लोक १८६३ च्या तहाच्या आधारे हक्क सांगतात, त्याच्या गळ्यात हे मारलं गेलं. नेवाडाच्या लोकांचा राग समजून घ्यायला भूगर्भशास्त्र लागत नाही. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत जे घडलं त्याची मुळं या एका मतदानात आहेत.

डोंगराबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण 'विज्ञान ठरवेल' असं उमेदवार म्हणतात तेव्हा ते विज्ञान हे आहे. युक्का माउंटन ज्वालामुखीच्या राखेच्या थरांपासून बनलेला आहे. भांडार पृष्ठभागाखाली सुमारे ३०० मीटरवर आणि भूजलपातळीच्या वर सुमारे ३०० मीटरवर, म्हणजे कोरड्या पट्ट्यात. पाऊस कमी, पाणी दूर, ही जमेची बाजू. पण पाणी नाही तिथे हवा आहे, आणि हवा आहे तिथे इंधन, टेक्नेशियम, नेप्चुनियम विरघळू शकतात. १९९० च्या दशकात तपासणीसाठी खोदलेल्या आठ किलोमीटरच्या बोगद्यात क्लोरिन-३६ सापडल्याचं जाहीर झालं. ते १९५० च्या दशकातल्या पॅसिफिकमधल्या अणुचाचण्यांतून आलेलं असणार, म्हणजे पावसाचं पाणी भेगांतून पन्नास वर्षांच्या आत तिथवर पोचलं, असा अर्थ निघाला. नंतरच्या दुसऱ्या चाचण्यांत तोच निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही आणि प्रश्न लोंबकळत राहिला. सरकारी आराखड्यात यावर उपाय म्हणून निकेलच्या गंजरोधक मिश्रधातूचे डबे आणि त्यांच्यावर टायटॅनियमच्या पागोळी-ढाली, म्हणजे वरून ठिबकणारं पाणी अडवणारी आच्छादनं, होत्या. या ढाली भांडार बंद करायच्या वेळी, म्हणजे कित्येक दशकांनी बसवायच्या होत्या. तेव्हाच्या सरकारकडे तो पैसा असेल, यावर आजची सुरक्षितता उभी होती. फिनलंडने ओल्किलुओटोला आणि स्वीडनने फोर्समार्कला उलट मार्ग निवडला: भूजलाच्या खाली, ऑक्सिजन नसलेल्या कठीण खडकात.

निवडणुका

२००० साली जॉर्ज बुश यांनी नेवाडात सांगितलं की निर्णय राजकारणावर नव्हे, भक्कम विज्ञानावर होईल. अल गोर यांच्या बाजूला तेव्हा एक ठोस कृती होती: क्लिंटन यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेवाडात कचरा लवकर पाठवण्याच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. तरी बुश यांनी नेवाडा साडेएकवीस हजारांच्या आसपास मतांनी जिंकलं. त्या निवडणुकीत बुश यांना मिळालेली इलेक्टोरल मतं २७१, जिंकायला लागणारी २७०, आणि नेवाडाची ४. फ्लोरिडाच्या गोंधळात हा हिशेब झाकला गेला.

फेब्रुवारी २००२ मध्ये बुश यांनी युक्का माउंटनला मंजुरी दिली. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे नेवाडाचे राज्यपाल केनी गिन यांनी कायद्याने दिलेला नकाराधिकार वापरला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो मोडीत काढला, प्रतिनिधिगृहात ३०६ विरुद्ध ११७ आणि सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९. हे आकडे नीट पाहा. दोन्ही पक्षांची मतं दोन्ही बाजूंना होती, कारण मतदान पक्षावर नाही तर 'माझ्या राज्यात डबे पडून आहेत की नाहीत' यावर झालं. 'विज्ञान ठरवेल' या वाक्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते वाक्य कुठल्याही निर्णयाला बसतं, आणि म्हणूनच मतदाराच्या काही कामाचं नव्हतं.

२००४ मध्ये जॉन केरी यांनी युक्का माउंटन होऊ देणार नाही असं स्पष्ट सांगितलं. पण त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी दोनच वर्षांपूर्वी सिनेटमध्ये त्याच्या बाजूने मत दिलं होतं. केरी नेवाडा हरले.

२००८ हे वळण. हॅरी रीड आता सिनेटमधल्या बहुमताचे नेते होते आणि नेवाडाची पक्षांतर्गत निवड जानेवारीतच होईल अशी सोय झाली होती. त्यामुळे लास वेगासच्या चर्चेत हिलरी क्लिंटन, ओबामा आणि एडवर्ड्स तिघेही युक्काच्या विरोधात बोलले. ओबामा ज्या इलिनॉयचे, तिथे देशातल्या सर्वांत जास्त अणुभट्ट्या, म्हणजे त्यांच्या घरच्या राज्याला कचरा बाहेर जायला हवा होता. तरी त्यांनी नेवाडाची बाजू घेतली. जॉन मॅकेन यांची भूमिका सर्वांत सुसंगत होती: २०३० पर्यंत ४५ नव्या भट्ट्या आणि युक्का माउंटन चालू. पण कचरा फिनिक्समधून, म्हणजे त्यांच्याच ॲरिझोनातून गेला तर चालेल का, या प्रश्नाला त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि विरोधकांनी ती चित्रफीत जाहिरातीत वापरली. वाहतुकीचा प्रश्न हा असा हमखास पकडतो. भांडार एका राज्यात असतं, रेल्वेमार्ग मात्र डझनभर राज्यांतून जातात.

ओबामा यांनी शब्द पाळला, आणि तो कसा पाळला हे शिकण्यासारखं आहे. कायदा बदलायला काँग्रेस लागली असती, म्हणून कायद्याला हातच लावला नाही. आधी अर्थसंकल्पातून पैसा काढला. मग मार्च २०१० मध्ये ऊर्जा खात्याने २००८ साली दाखल केलेला सुमारे ८,६०० पानांचा परवान्याचा अर्ज मागे घेण्याची मागणी केली. अणु नियामक आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी यॅझ्को पूर्वी रीड यांच्याकडे काम केलेले. आयोगाच्याच न्यायमंडळाने अर्ज मागे घेऊ दिला नाही, पण पैशाअभावी तपासणी थंडावली. दक्षिण कॅरोलायना आणि वॉशिंग्टन ही राज्यं कोर्टात गेली. वॉशिंग्टनच्या राज्यपाल डेमोक्रॅट होत्या, पण हॅनफर्डचा लष्करी, म्हणजे अण्वस्त्रनिर्मितीतला कचरा युक्काला जायचा होता. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने आयोगाला तपासणी पुन्हा सुरू करायला लावली. जानेवारी २०१५ मध्ये तांत्रिक अहवाल पूर्ण झाला: आराखडा सुरक्षेच्या निकषांत बसतो, पण जमीन आणि पाणी यांचे हक्क ऊर्जा खात्याकडे नाहीत, म्हणून बांधकामाला परवानगी देता येत नाही. पाण्याचे हक्क देणारं राज्य नेवाडा. त्याच वर्षी ओबामा यांनी जो भूभाग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला, त्यातून युक्काकडे जाणाऱ्या नियोजित रेल्वेचा मार्ग जात होता.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत उलटा प्रवास दिसतो. २०१७ पासून तीन अर्थसंकल्पांत त्यांनी परवान्याच्या कामासाठी सुमारे १२ कोटी डॉलर मागितले आणि काँग्रेसने तिन्ही वेळा दिले नाहीत. मे २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाने युक्काचं विधेयक ३४० विरुद्ध ७२ अशा प्रचंड बहुमताने संमत केलं. सिनेटमध्ये ते हललंच नाही, कारण नेवाडाचे रिपब्लिकन सदस्य डीन हेलर यांची फेरनिवडणूक तोंडावर होती आणि त्यांची जागा वाचवणं पक्षाला जास्त महत्त्वाचं होतं. हेलर तरीही हरले. फेब्रुवारी २०२० मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या वर्षात, ट्रम्प यांनी नेवाडाचं म्हणणं ऐकल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या अर्थसंकल्पातून ती रक्कम गायब झाली.

त्याच सुमारास डेमोक्रॅटांमध्ये नव्या भट्ट्यांवरून फूट होती. बर्नी सँडर्स यांना नव्या भट्ट्या नको होत्या, एलिझाबेथ वॉरन यांनी २०३५ पर्यंत अणुऊर्जेपासून दूर जाण्याची भाषा केली होती, कोरी बुकर अणुऊर्जेशिवाय कार्बन कमी होणार नाही असं म्हणत होते, अँड्र्यू यांग थोरियमची बाजू मांडत होते. युक्काला मात्र सगळ्यांचा नकार. ऊर्जेवर मतभेद आणि कचऱ्यावर एकमत: हा नमुना अमेरिकेबाहेरही ओळखू येईल.

तारापूरचा धागा

अमेरिकी उमेदवारांच्या या भूमिकांचा महाराष्ट्राशी काय संबंध, असं वाटत असेल तर १९७६ ची निवडणूक पाहावी. भारताने १९७४ मध्ये पोखरणला चाचणी केली होती. जिमी कार्टर स्वतः नौदलात अणुभट्टीचं प्रशिक्षण घेतलेले, आणि प्लुटोनियम वेगळं काढण्याच्या तंत्राचा प्रसार रोखणं हा त्यांच्या प्रचाराचा मुद्दा होता. त्यांना उत्तर म्हणून मतदानाला पाच दिवस उरले असताना, २८ ऑक्टोबर १९७६ ला, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीच या तंत्राला, म्हणजे पुनर्प्रक्रियेला, लगाम घातला. कार्टर जिंकले आणि एप्रिल १९७७ मध्ये त्यांनी ती बेमुदत पुढे ढकलली. १९७८ मध्ये अणुप्रसारबंदीचा कडक कायदा आला.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, १९६९ पासून वीज देणाऱ्या, आणि १९६३ च्या करारानुसार त्यांचं इंधन अमेरिकेतून यायचं. १९८० मध्ये ३८ टन इंधनाची एक खेप सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी वाचली. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि फ्रान्सने पुरवठा सुरू केला. वापरलेल्या इंधनाचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. करारानुसार त्याच्या पुनर्प्रक्रियेआधी देखरेखीबद्दल दोन्ही देशांची सहमती लागायची, आणि ती मिळाली नाही. तारापूरला पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभा होता आणि शेजारी अमेरिकी इंधनाचे जुडगे तलावात साठत होते. जागा वाढवायला तलावातल्या मांडण्या एकमेकींच्या जवळ आणाव्या लागल्या, वेगळी साठवण बांधावी लागली. पालघरच्या किनाऱ्यावर काय पडून राहणार हे वॉशिंग्टनच्या प्रचारसभांतून ठरत होतं. कचरा न उचलण्याचा निर्णयसुद्धा निर्णयच असतो, आणि त्याची किंमत असा निर्णय घेणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते.

रेगन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतली बंदी उठवली, तरी कुणी कारखाना चालवायला पुढे आलं नाही, कारण ताजं युरेनियम स्वस्त पडत होतं. मे २०२५ च्या ट्रम्प यांच्या आदेशांमध्ये पुनर्प्रक्रियेचा विचार पुन्हा आला आहे. 'कचऱ्याचा पुनर्वापर करू' हे ऐकायला उत्तम वाटतं. त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळतं, हे खरं. पण फुटून झालेली मूलद्रव्यं काचेत घट्ट बसवून उरतातच आणि त्यांना जमिनीखालची जागा लागतेच. फ्रान्स गेली कित्येक दशकं पुनर्प्रक्रिया करतो आणि तरीही ब्यूर इथे भांडाराची तयारी करतो आहे. जपानच्या रोक्काशो कारखान्याचं बांधकाम १९९३ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण होण्याची तारीख वारंवार पुढे गेली. तेव्हा पुनर्वापराचं आश्वासन देणाऱ्याला विचारायचं ते इतकंच: उरलेली काच कुठल्या जिल्ह्यात?

भूमिका तपासायची कशी

भाषण सोडा, पैसा पाहा. कचरा निधीत ४० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जमा आहे, पण ती खर्च करायला दरवर्षी काँग्रेसची वेगळी मंजुरी लागते. सरकार कचरा उचलत नाही, मग शुल्क कशाचं, असं न्यायालयाने विचारल्यावर मे २०१४ पासून वसुली शून्यावर आली. १९९८ ची मुदत चुकवल्याबद्दल वीज कंपन्या सरकारवर खटले भरतात आणि जिंकतात. भरपाई १० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. ती नेहमीच्या अर्थसंकल्पातून न जाता सरकारच्या कायमस्वरूपी भरपाई खात्यातून जाते, म्हणून भाषणात तिचा उल्लेख येत नाही. खर्च टाळल्याचं श्रेय घेणाऱ्या उमेदवाराच्या हिशेबात ही रक्कम धरलेली आहे का, हे जरूर पाहावं.

'आम्ही युक्का उघडू' म्हणणाऱ्यासाठी एक आकडा पुरेसा आहे: ७० हजार टन. कायद्याने पहिल्या भांडाराची मर्यादा तेवढीच ठेवली आहे, त्यातही लष्करी कचऱ्याचा वाटा धरलेला आहे. आज पडून असलेलं इंधनच त्यात मावत नाही. म्हणजे कायदा बदलणं किंवा दुसरी जागा शोधणं अटळ आहे, आणि ते बोलल्याशिवाय भूमिका पूर्ण होत नाही.

'तात्पुरती साठवण' हा शब्द सर्वांत निसरडा. पश्चिम टेक्सासमधल्या अँड्र्यूज परगण्यात एका खासगी साठवणीला २०२१ मध्ये आणि न्यू मेक्सिकोतल्या दुसरीला २०२३ मध्ये परवाना मिळाला. टेक्सासचे राज्यपाल रिपब्लिकन, न्यू मेक्सिकोच्या डेमोक्रॅट, आणि दोघांचा विरोध एकसारखा. टेक्सासने तर बंदीचा कायदाच केला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की टेक्सास परवान्याच्या प्रक्रियेत रीतसर पक्षकार नव्हतं, त्यामुळे त्याला या मार्गाने आव्हान देता येणार नाही. परवाना टिकला, राज्याचा विरोधही टिकला. सरकारने स्वतः अशी साठवण बांधायची म्हटलं तर १९८७ ची अट आडवी येते: कायमच्या भांडाराला बांधकाम परवाना मिळाल्याशिवाय सरकारी तात्पुरती साठवण सुरू करता येत नाही. तात्पुरतं तेच कायमचं होऊ नये म्हणून ही अट आहे, आणि 'तात्पुरती' हा शब्द ऐकून कुठलंही राज्य बिचकतं तेही याच भीतीने.

'संमतीने जागा निवडू' ही २०१२ मध्ये ब्रेंट स्कोक्रॉफ्ट आणि ली हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी आयोगाने सुचवलेली दिशा आता जवळजवळ प्रत्येक डेमोक्रॅट बोलतो. दिशा योग्यच आहे. फिनलंडमध्ये युराजोकी या गावाला खरा नकाराधिकार होता, गावाने होकार दिला आणि २००१ मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी शिक्कामोर्तब केलं. पण अमेरिकेत संमती कुणाची हे ठरलेलं नाही. न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाडजवळ मिठाच्या थरात ६५५ मीटर खोलीवर लष्करी कचऱ्याचं भांडार १९९९ पासून चालू आहे आणि स्थानिक गाव त्याच्या बाजूचं आहे. राज्य मात्र आणखी कचरा घ्यायला राजी नाही. त्या भांडारात फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटलं. लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत ओल शोषायला पाळीव मांजरांच्या शौचपेटीत घालतात त्या मातीचा नेहमीचा, खनिज प्रकार वापरायचा तो सोडून गव्हाचा, सेंद्रिय प्रकार भरला गेला. नायट्रेट क्षारांशी त्याची अभिक्रिया होऊन पिंप आतून तापलं. चूक शेकडो किलोमीटर दूरच्या पॅकिंगच्या टेबलावर झाली आणि भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. संमती मागणाऱ्याने गावाला हेही सांगायला हवं की तपासणीचा अधिकार कुणाकडे असेल आणि काम थांबवण्याचा कुणाकडे.

नव्या भट्ट्यांचा प्रश्न कचऱ्यापासून तोडून विचारता येत नाही, हे कॅलिफोर्नियाने १९७६ मध्येच कायद्यात लिहून ठेवलं: कायमच्या विल्हेवाटीची सोय सिद्ध होईपर्यंत राज्यात नवी भट्टी नाही. २०१२ मध्ये एका न्यायालयाने कचरा अनिश्चित काळ जागेवर राहिला तर काय, याचा अभ्यास अपुरा ठरवला, आणि नियामक आयोगाला दोन वर्षं नवे परवाने रोखून धरावे लागले. २०५० पर्यंत ४०० गिगावॉटचं लक्ष्य जाहीर करणारा कुठलाही नेता या दाराशी पुन्हा येणारच. सध्या ९४ भट्ट्या मिळून सुमारे १०० गिगावॉट देतात.

अमेरिकेत मतदान करणाऱ्या मराठी वाचकांसाठी शेवटचं काम थोडं नीरस आहे. अध्यक्षाच्या उमेदवारापेक्षा आपल्या प्रतिनिधिगृहाच्या आणि सिनेटच्या उमेदवाराला विचारा. १९८७ चा कायदा फक्त काँग्रेस बदलू शकते. निधीचं कुलूप ऊर्जा आणि जलविकास खर्चाच्या विधेयकात असतं, ते दरवर्षी त्यांच्यासमोर येतं. अणु नियामक आयोगाच्या पाच सदस्यांच्या नेमणुकांना सिनेट मंजुरी देतं, प्रत्येकी पाच वर्षांसाठी, आणि एका पक्षाचे तिघांहून जास्त असू शकत नाहीत. सॅन ओनोफ्रेच्या आसपासच्या मतदारसंघातून आधी रिपब्लिकन डॅरेल इसा आणि नंतर डेमोक्रॅट माइक लेव्हिन निवडून आले. कचरा तिथून हलवण्याच्या मागणीत दोघांत फरक नव्हता. तो कुणाकडे हलवायचा, हे त्यांना नेवाडात जाऊन सांगावं लागलं नाही.